पेजेत मीठ घालतात का?

खालापूर, ता. ११ फेब्रुवारी १८९७

भिवाजीदादास आबाजीचा नमस्कार.

दोन वर्षांनी पत्र लिहितोय आणि तेही कामासाठी. तेव्हा आधी मला पोटभर शिव्या घालून घे, मग पुढे वाच.

मुंबईहून येणाऱ्या गाड्या कर्जतला थांबवून उतारूंची नाडी बघतात, ज्याच्या अंगात ताप त्याला स्टेशनाजवळच्या छावणीत ठेवतात, आणि त्या छावणीत नावं लिहायला तू बसतोस, असं इथे बाजारात कळलं. खरं असेल तर माझं एवढं काम कर. पाताळगंगेपलीकडच्या वाडीत बायजा म्हणून एक विधवा बाई आहे. तिचा एकुलता एक मुलगा नामा मुंबईत गिरणीत होता. गाठीच्या रोगाच्या भीतीने गिरणी ओस पडली तसा तोही सुटला. त्याच्याबरोबरचे दोघे घरी पोचले, हा नाही. ते दोघे नीट सांगत नाहीत. ‘कर्जतपातुर होता’ एवढंच म्हणतात आणि पायाच्या अंगठ्याकडे बघतात.

बाई रोज दुपारी शाळेच्या ओट्यावर येऊन बसते. काही मागत नाही. मी धडा घेतो आणि माझं निम्मं लक्ष तिच्याकडे. मला फार शिणल्यासारखं झालंय, दादा. तो तिथे आहे का, एवढं कळव.

तुझा आबाजी

*

कर्जत, ता. १६ फेब्रुवारी

चि. आबाजीस आशीर्वाद.

कागदाला गंधकाचा वास येईल, घाबरू नकोस. इथून बाहेर जाणारं प्रत्येक पत्र धुरावर धरतात. मलाही धरलं असतं तर बरं झालं असतं, अंग नुसतं आंबून गेलंय.

तुझा नामा इथे आहे. तिसऱ्या झापात, म्हणजे कुडाच्या लांब झोपडीत, दाराकडून दुसरा. मीच त्याचं नाव लिहिलं होतं, पण दिवसाला इतकी नावं लिहितो की चेहरा आठवला नाही. जाऊन बघितलं. काखेतली गाठ बसते आहे, ताप उतरतो आणि चढतो. डॉक्टर म्हणतात, पोटात काही गेलं तर वाचेल. पण त्याचं खाण्यावर मन नाही. पेजेची वाटी उशाशी तशीच थंड होते.

आईला भेटू देता येत नाही. छावणीभोवती दोर बांधलाय, त्या दोराच्या आत कुणालाच सोडत नाहीत. तिला घेऊन येऊ नकोस आणि तूही येऊ नकोस. तिचे दोन शब्द मात्र लिहून पाठव, मी वाचून दाखवीन. आणि तुला पाल्हाळाची सवय आहे म्हणून सांगतो, दोनच शब्द.

तुझी वहिनी गेल्यापासून मी जेवण-झोप याचा हिशेब सोडलाय, त्यामुळे माझं बरं चाललंय असं समज.

भिवाजी

*

खालापूर, ता. २२ फेब्रुवारी

दादास नमस्कार.

बायजाबाईंना सांगितलं, नामा आहे आणि बरा आहे. ताप चढउतार करतो ते सांगितलं नाही. तिने शाळेच्या जमिनीवर डोकं टेकलं. मग तिच्याकडून मजकूर घेतला. तो पुढे लिहितो. ओळी जुळवल्या आहेत त्या मी, पण मागणं तिचंच आहे, मी फक्त वळण दिलं.

*कुठे गेलास रे बाळा, दार उघडे टाकून?*
*काठी कोपऱ्यात उभी, थकली वाट पाहून.*
*तांब्या पालथा पडला, घोंगडीची घडी तशी;*
*‘आई’ म्हणेल रे कोण? सांग, हाक देऊ कशी?*

याशिवाय अशीच पाच कडवी वेगळ्या कागदावर आहेत. दादा, खरं सांगू? एवढं चांगलं माझ्या हातून आजवर उतरलं नव्हतं. तुझ्या डॉक्टरसाहेबांना त्यांच्या भाषेत समजावून सांग. त्यांच्या काळजाला हात लागला तर आईला दोराच्या आत सोडतील. कवितेने दगडाला पाझर फुटत नसेल तर ती लिहायची कशाला?

आबाजी

*

कर्जत, ता. २७ फेब्रुवारी

चि. आबाजीस आशीर्वाद.

कविराज, तुमची कविता वाचली. झापात उभं राहून, मोठ्याने.

सगळे रडले. पलीकडच्या खाटेवर नेरळचे दुकानदार मोहियुद्दीन आहेत, त्यांनी तोंडावर चादर ओढून घेतली. पेज वाटणारा वाल्मिक एरवी कुणाच्या मरणाला हलत नाही, तो पळी घेऊन बाहेर गेला. मीही रडलो. माझी आई आठवली, शेजारघरची तुझीही आठवली. डॉक्टरसाहेबांना अर्थ सांगितला. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि फार सुंदर आहे म्हणाले. मी विचारलं, मग आईला आत सोडू का? तर म्हणाले, नाही, नियम आहे.

नामा रडला नाही. सगळी कडवी ऐकली, एकदा माझ्याकडे बघितलं आणि भिंतीकडे तोंड करून निजला. थकला असेल.

फार बसून माझीही कंबर धरते. पुढच्या वेळी थोडक्यात लिही.

भिवाजी

*

खालापूर, ता. ४ मार्च

दादास नमस्कार.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. वाल्मिक पळी घेऊन बाहेर गेला हे वाचून अंगावर काटा आला. कोणत्या कडव्याला गेला? तांब्याच्या की त्याच्या पुढच्या? मला हे कळायला हवं, कारण पुण्याच्या एका मासिकाकडे पाठवावी असा विचार आहे, आणि एखादं कडवं ढिलं असेल तर आताच आवळता येईल.

नामाच्या दुःखाला रडूही फुटलं नाही म्हणजे ते केवढं खोल गेलं असेल! तू म्हणतोस तसा थकवा नव्हे, दादा. मी लहान असताना आई गेली तेव्हा तुझ्या आईने आमच्या अंगणात बसून हेल काढला होता. ‘कुठं गेलीस गं, चूल इझली, तुजं लुगडं वळनीवर’ असं एकेक वस्तू घेऊन ती आईला विचारत होती, आणि सगळं गाव हुंदके देत होतं. कविता म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. पुस्तकांनी नंतर नुसती मात्रा मोजायला शिकवलं. तेच वळण मी इथे वापरलंय. तुझ्या कानाला ओळखू आलं असेल.

बायजाबाई विचारत होत्या, काय म्हनला? मी सांगितलं, ऐकून गहिवरला.

आबाजी

*

कर्जत, ता. ९ मार्च

आबाजी,

मासिकाकडे काही पाठवू नकोस. आधी हे वाच.

त्या दिवसापासून नामाने पेजेला तोंड लावलेलं नाही. पूर्वी मन नव्हतं तरी चार घोट घ्यायचा. आता वाटी आली की हाताने सारतो. डॉक्टर म्हणाले, रोग हटतोय पण माणूस सोडतोय, तुमच्या भाषेत विचारा काय झालंय. मी काल त्याच्याजवळ बसलो. काय झालं ते विचारलं. त्याचे शब्द जसेच्या तसे लिहितो.

“बाबू, माज्या आयनं मला रडून घेतलं. जित्या मानसाची काठी-घोंगडी कोन मोजतं का? गावानं सांगितलं आसंल तिला, छावनीत गेला तो गेला. तिनं दिवस बी घातलं आसतील. आता मी जाऊ कुटं? आनि पेज पिऊन करू काय?”

आबा, आपल्याकडे तो हेल कधी काढतात हे तुला माहीत नाही? प्रेत अंगणात असतं तेव्हा. त्याआधी कुणी काढला तर म्हातारी माणसं तोंडावर हात ठेवतात. ज्याला ‘कुठं गेलास’ म्हणून विचारलं त्याच्या उत्तराची कुणी वाट बघत नाही. तो विचारायचा सवाल नाहीच, तो निरोप आहे. हे तुला कळत होतं, तू स्वतःच्या हाताने मला लिहिलंस. कागदावर बालबोध अक्षरात उतरलं म्हणून काय ते वेगळं होतं?

तुला शिव्या देऊन माझा भार हलका होत नाही. मीही त्याच मातीतला. मी ते त्याच्या उशाशी उभं राहून वाचलं, डॉक्टराकडे डोळा ठेवून. माझ्याही ध्यानात आलं नाही. इथे रोज इतके हेल ऐकतो की कानाला घट्टा पडलाय.

मी त्याला सांगितलं, अरे तुझी आई वाट बघतेय, हे मास्तरने रचलंय. त्याचा विश्वास बसत नाही. म्हणतो, मास्तर कशाला लिवंल खोटं?

तिने खरोखर काय सांगितलं होतं? शब्द न् शब्द लिही. लवकर.

भिवाजी

*

खालापूर, ता. १४ मार्च

दादा,

तुझं पत्र परवा मिळालं. वाचून झाल्यावर वर्गात बसवेना. शाळा सोडली आणि नदी ओलांडून बायजाबाईंकडे गेलो. रस्ताभर काय बोलायचं ते जुळवत होतो, दारात पोचल्यावर सगळं विसरलो.

आधी तुला खरं सांगतो. ती २० तारखेला मजकूर सांगायला आली तेव्हा एवढंच बोलली होती: “त्याला इचारा, जेवलास का? पेजेत मीठ घालतात का? घोंगडी हाय का आंगावर? बरा झाला का ये म्हनावं. वाल काढलाय, तुज्या वाटनीचा ठेवलाय.” मला ते फार थोडं वाटलं. पेज, मीठ, वाल! यात कुणाला रडू येणार? म्हणून मी तिचं बाजूला ठेवलं आणि माझं लिहिलं. वर तुला लिहिलं, मागणं तिचंच आहे. ते खोटं होतं.

हे सगळं मी तिला सांगितलं. कविताही म्हणून दाखवली. ती खाली बघून ऐकत होती. दुसऱ्या कडव्याला तिने कानावर हात ठेवले. म्हणाली, “मास्तर, मी जिता ल्योक सांगितला, तुमी म्येलेला लिवलात.” आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला सोसलं असतं.

मग मी म्हटलं, आता तुम्ही सांगाल ते लिहितो, एक अक्षर इकडचं तिकडे करणार नाही. तिला वाटलं, नुसतं सांगितलेलं तो आता खरं मानणार नाही. ओवी सांगते म्हणाली, लहानपणी जात्याजवळ मांडीवर घेऊन म्हणायचे, ती चाल त्याला कळेल. पण तशी बसून ओवी येईना. “हात फिरला पायजे,” म्हणाली. भर दुपारी जातं मांडलं, नाचणी घातली. मी शेजारी जमिनीवर कागद घेऊन बसलो. कागदावर पीठ उडालं आहे ते मी झटकलेलं नाही.

*पेज पिलास का बाळा, मीठ घातलं का कुनी?*
*नसंल तर तशीच पी, घाल डोळ्यांचंच पानी.*

*ऊठ नामू, उठून बस, पाठ टेक रं कुडाला;*
*आयची आन हाय तुला, वाटी लाव रं तोंडाला.*

*वाल राखला रं तुजा, शेंग सोलली मी नाय;*
*खाया आलास की मग, सोलू दोगं लेकमाय.*

यातलं एकही वळण माझं नाही. दादा, वाचताना रडू नकोस. नुसतं विचार, आणि त्याने उत्तर देईपर्यंत उभा राहा.

आबाजी

*

कर्जत, ता. २१ मार्च

चि. आबाजीस आशीर्वाद.

अक्षर वाकडं आलंय, दौत हलते.

तुझा कागद शिमग्याच्या दिवशी मिळाला. नामाजवळ गेलो. नुसता वाचला असता तर बरं झालं असतं, पण चाल धरली आणि घसा बसलेला, तेव्हा बैल हंबरावा तसं झालं. तरी पहिल्या ओळीला त्याने मान वळवली. मी विचारून थांबलो. पेज पिलास का? मीठ घातलं का कुणी? तू लिहिलंस तसा उभाच राहिलो. सगळा झाप त्याच्याकडे बघतोय. फार वेळाने तो म्हणाला, “नाय.”

“काय नाय?”

“मीठ नाय घालत.”

मग म्हणाला, कागद बघू. वाचता येत नाही त्याला. त्याने बोट फिरवलं, पीठ बोटाला लागलं, ते चाखलं. “नाचनी. घरची हाय,” म्हणाला. वाल्मिकने न सांगता वाटी पुढे केली. नामाने कुडाला पाठ टेकली आणि प्यायला. अर्धी सांडली, अर्धी पोटात गेली. आबा, तेव्हा मात्र तो रडला.

नंतर मोहियुद्दीन म्हणाले, “आमच्यासाटी बी वाच ना, बाबू. नाव तेवडं बदल.” मग कुडापलीकडून चौथ्या झापातली चिंधी म्हातारी म्हणाली, माजी आय मरून चाळीस वर्सं झाली, तरी वाच. तेव्हापासून रोज दोन्ही वेळा पेज यायच्या आधी मी एक फेरी मारतो. नाव बदलतो आणि विचारतो. तुझी कविता ऐकून सगळे रडले आणि रडून मोकळे झाले, मीसुद्धा, डॉक्टरसुद्धा. कुणी जागचं हललं नाही. हे विचारलं की मात्र माणसाला उत्तर द्यावं लागतं, आणि उत्तर द्यायला तो शुद्धीवर येतो. विचारणाऱ्यालाही गप्प बसता येत नाही. दहा जणांनी ‘मीठ नाय’ म्हटल्यावर मी साहेबांकडे गेलो आणि मीठ मागितलं. दीड महिना मी इथे आहे, मला एकदाही सुचलं नव्हतं. मंजूर झालंय म्हणतात, आलेलं नाही.

तू वाईट लिहितोस असं मी म्हणत नाही. तुझ्या आईच्या दिवशी ते खरंच होतं. फक्त कोण कुठल्या बाजूला आहे ते बघून तोंड उघडावं.

नामा आठ-दहा दिवसांत सुटेल. मला जांघेत कळ येते, बसून बसून येत असेल. तू काळजीपोटी इकडे येशील म्हणून पुन्हा लिहितो, येऊ नकोस.

भिवाजी

*

खालापूर, ता. ४ एप्रिल

दादा,

काल पाडव्याच्या दिवशी नामा आला. पळसदरीवरून चालत, वाटेत दहादा बसत. वाडीच्या तोंडाशी लोक उभे होते, कुणी पुढे होईना. बायजाबाई सूप घेऊन गेल्या आणि रस्त्याच्या कडेला त्याच्याजवळ बसल्या. दोघं वाल सोलत होते. मी गेलो तेव्हा निम्म्या शेंगा झाल्या होत्या. त्यांनी मलाही मूठभर दिल्या आणि मी खाली बसून सोलू लागलो.

मला बघून नामाने मान खाली घातली. म्हणाला, “मास्तर, बाबू आमच्या झापात हायती. मी उटलो त्या खाटंवर निजलेत. सा दिवस झालं ताप हाय. तुमाला सांगू नको म्हनले.” पुढची शेंग सोलत म्हणाला, “ते सगळ्यांना इचारायचे. आता त्यांना कोन इचारतंय?”

मी घरी येऊन कागद घेतला. तुला सांगतो, दादा, ओळी आपोआप येत होत्या. तुझी छत्री आमच्या खुंटीला आहे, तू दिलेली पाटी, तू मला गिरवायला लावलेला पहिला श्री. मी तो कागद फाडला. तुझं काहीही मोजणार नाही.

एवढंच विचारतो. जेवलास का? पेज पितोस का? कुणी मीठ घालतं का? घोंगडी पुरते का अंगावर? उठून बस. वाल्मिकला सांगून पाठ टेक. तुला माझी आण आहे, वाटी परत पाठवायची नाही. माझं तुझ्यावाचून कुणी नाही आणि मला एकट्याने राहायची भीती वाटते. वाल ठेवलाय तुझा.

हे पत्र टपालात टाकत नाही. नामा ऐकत नाही, तोच उद्या परत घेऊन येतोय. त्याला वाचता येत नाही, पण त्याच्याकडून चालीवर पाठ करून घेतलंय. तो दोरापाशी उभा राहून विचारील. तू उत्तर देईपर्यंत हलणार नाही.

आबाजी

*

(शिसपेनीने, आडव्या अक्षरात)

कर्जत, ता. ७ एप्रिल

आबा,

नाम्या दोन दिवस दोरापाशी ओरडतोय. सगळी छावणी जागी केली.

पेज प्यायलो. मीठ अजून आलेलं नाही.

येऊ नकोस असं मी दोनदा लिहिलं होतं, ते खोड. येताना मीठ आण.

भिवाजी